मोरचुदाचं टाकं

माझ्या सासऱ्यांना लग्नाआधी मुलगा डॉक्टर आहे एवढंच कळवलं होतं. कोणाचा डॉक्टर, हे विचारायचं त्यांच्याकडून राहिलं आणि सांगायचं आमच्याकडून राहिलं. लग्नानंतर पहिल्यांदा अमरावतीला सासरी गेलो, तर आळीतले तिघे-चौघे नाडी दाखवायला ओसरीवर येऊन बसलेले. मी म्हटलं, "अहो, मी जनावरांचा." त्यावर एक म्हातारे गृहस्थ पुढे केलेला हात मागे न घेता म्हणाले, "असू द्या हो, बघा तरी." सासरे मात्र उठून आत गेले ते जेवणाची पानं मांडल्यावरच बाहेर आले.

तर असा मी जनावरांचा डॉक्टर. मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारी नोकरीत चिकटलो, स्वराज्य आल्यावरही त्याच खुर्चीत बसून राहिलो आणि तिथूनच पेन्शनीत निघालो. कोणत्या साली कुठे बदली झाली, बढती कधी हुकली, हे सगळं माझ्या सर्व्हिस बुकात आहे. ते वाचताना मलाच डुलकी येते. दिवाळी अंक चकली खाताखाता वाचणाऱ्याचा त्यात काय अपराध? म्हणून मी एकाच पावसाळ्याची हकिकत सांगतो. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो पावसाळा. मी चोवीस वर्षांचा होतो, नागपूरला नवीनच नेमणूक झाली होती. विषय जरा खालचा आहे, गाईचे पाय.

गाईच्या पायाकडे कोणी बघत नाही. लोक शिंगं बघतात, कास बघतात, डोळ्यांचं तर फारच कौतुक. पण गाईचा खूर दोन फाळ्यांचा असतो आणि त्या दोन फाळ्यांच्या मध्ये माणसाच्या बोटांच्या बेचक्यासारखी नाजूक कातडी असते. आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात ती नुसता चिखल होत नाही, डिंक होते. शेण, चिखल, एखादा खडा त्या फटीत बसतो, कातडी भिजून पांढरी पडते, फाटते आणि सडते. मग असा वास सुटतो की गोठ्याच्या बाहेरूनच निदान करता यावं. गाय लंगडते. लंगडली की चरायला मागे राहते, मागे राहिली की पोट भरत नाही आणि दूध आटतं. पुढे जिची हकिकत येते ती गवळीण तुळसामाय म्हणायची, "गाय दूध देते थनानं, पण आणते पायानं." आमच्या कॉलेजात हे सांगायला एका प्रोफेसराला तीन तास लागले होते.

या दुखण्यावर सोपा उपाय म्हणजे पायधुणीचं टाकं. जमिनीत एक उथळ, लांबट हौद बांधायचा, त्यात मोरचुदाचं पाणी खूर बुडतील इतकं भरायचं आणि गाई एकामागून एक त्यातून चालवायच्या. मोरचूद म्हणजे ते निळे खडे. त्यानं सड थांबते आणि खूर टणक होतो. एकेका गाईचे चार-चार पाय धरून धुण्यापेक्षा शंभर गाई दहा मिनिटांत निघतात. कागदावर.

आमच्या साहेबांना हा कागद फार आवडला होता. साहेब मराठीच होते. नाव सांगत नाही, कारण त्यांची नातवंडं धंतोलीत राहतात आणि दिवाळी अंक विकत घेऊन वाचतात. माणूस हुशार, अक्षर मोत्यासारखं, नकाशे तर असे काढायचे की फ्रेम करून लावावेत. एकच गोष्ट होती, ती म्हणजे साहेब गाईपासून चार हात लांब उभे राहत. जनावरांच्या खात्यात वीस वर्षं काढून त्यांनी एकाही जनावराला हात लावला नव्हता, अशी ऑफिसात वदंता होती. त्यांनी टाक्याचा नकाशा स्वतः काढला आणि मला बोलावून म्हणाले, "सक्करदऱ्याच्या वाटेवर गवळ्यांची वस्ती आहे. तिथे पहिलं टाकं. यशस्वी झालं तर सबंध प्रांतात आपलं नाव होईल." 'आपलं' म्हणताना ते नकाशाकडे बघत होते.

वस्तीत पंधरा-वीस घरं होती. सगळ्यांच्या मिळून चाळीसएक गाई आणि थोड्या म्हशी. गाई पांढऱ्याशुभ्र, गवळाऊ जातीच्या, दिघोरीकडच्या माळावर चरायला जायच्या. वस्तीचा कारभार पंचांकडे होता आणि पंचांचा कारभार तुळसामायकडे. पन्नाशीची विधवा बाई, अंगानं काटक, आवाज असा की माळावरची गाय मान वर करी. तिचा धाकटा दीर महादू दूध घेऊन नागपूरच्या महाल भागात रतीब घालायचा. तो फार गोड बोलायचा, म्हणून मला पहिल्या दिवशी तोच बरा वाटला. माणसं ओळखण्यात मी तेव्हापासूनच कच्चा.

सिमेंटचं टाकं नकाशाबरहुकूम वस्तीच्या मधोमध बांधून झालं. मी लोखंडी बादलीत मोरचूद विरघळवायला घेतला. हीच पहिली चूक. मोरचुदातलं तांबं लोखंडाला चिकटतं. थोड्या वेळानं बादली आतून लालसर झाली, तशी महादूनं हाक मारली, "अरे, डाक्टरानं लोखंडाचं तांबं केलं!" पाच मिनिटांत बायका खुरपी, विळे, तवे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. त्या दिवशी मी औषधापेक्षा तवेच जास्त बुडवले.

संध्याकाळी गाई माळावरून परतल्या. तुळसामायची राधी पुढे. कळपात एक गाय अशी असतेच, की ती जाईल तिकडे बाकीच्या जातात. राधीचा मागचा डावा पाय दुखरा होता, तरी ऐट कायम. ती टाक्याशी आली. निळं पाणी बघितलं. हुंगलं. फुर्र केलं. मग दोन पावलं मागे सरून तिनं त्या दुखऱ्या पायासकट अशी उडी मारली की टाक्याच्या पलीकडे जाऊन उभी. तिच्यामागे दुसरी उडाली, तिसरी उडाली. साहेबांच्या नकाशात टाक्याची लांबी गाईच्या उडीपेक्षा एक हात कमी होती! वस्तीतली माणसं ओट्यावर बसून मोजायला लागली. "पाच! सहा! वा रे गाय!" अकरावी जरा थोराड होती, ती उडी मारावी की न मारावी या विचारात आडवी वळली आणि मला ढुशी देऊन शेजारच्या अंगणात घुसली.

"म्हशी आणा," मी ओरडलो. म्हैस गरीब प्राणी, उड्या मारत नाही.

महादूची म्हैस आली. तिनं पाणी पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत माहेर दिसल्यासारखा भाव आला. ती न सांगता टाक्यात उतरली, एक सुस्कारा सोडला आणि बसली. अर्धं औषध तिनं बाहेर सांडलं, उरलेल्यात पाठ टेकायचा प्रयत्न केला. आम्ही शेपटी पिरगाळली, ढेप दाखवली, सहा माणसांनी पुढून ओढलं. दीड तास! शेवटी तीच कंटाळून उठली. वाळल्यावर तिच्या अंगावर निळसर थर आला आणि राख फासलेल्या गोसाव्यासारखी ती वस्तीतून हिंडू लागली.

तुळसामाय ओट्यावरून उठून आली. आता म्हणाली, "डाक्टरबाबू, थे कासेले लागलं ते धुवा लागते ना? तिची वगार दूध पिईन."

"हो, धुवायला हवं."

"मंग धुवा ना गा. आमाले काय समजते सरकारी औषधातलं?"

आणि भर रस्त्यावर, सगळ्या वस्तीसमोर, सरकारी डॉक्टरानं गुडघ्यावर बसून म्हशीची कास धुतली. त्या वेळी माझे एक शाळासोबती सायकलवरून गेले. थांबले नाहीत, पण नंतर बरेच दिवस भेटले की हात धुतले का म्हणून विचारत.

इथवरचं मी घरात पुष्कळदा सांगितलं आहे आणि मुलं पोट धरून हसली आहेत. पुढचं फारसं सांगत नाही.

टाक्यात औषध उरलं होतं, ते दुसऱ्या दिवशी वापरता येईल म्हणून मी तसंच ठेवून घरी गेलो. सकाळी तुळसामायची मैना नावाची कालवड, पहिल्यांदाच गाभण असलेली, चरायला सोडली तेव्हा तहानलेली होती. वाटेतच पाणी भरून ठेवलेलं. ती प्यायली. मला बोलवायला माणूस आला तोवर तिचं पोट वेदनेनं ताणलं होतं आणि तोंडाला लाळ लागली होती. मी दूध पाजलं, अंड्याचा बलक काढून पांढरं पाजलं, तांदळाची पेज पाजली, जे जे शिकलो होतो ते सगळं केलं. दिवस मावळायच्या आत ती गेली. तुळसामाय तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रडली नाही. कपाळावरून हात फिरवत राहिली, गाय मेल्यानंतरही बराच वेळ.

वस्तीतले लोक सब्बल, पहारी घेऊन टाकं फोडायला निघाले. मी आडवा गेलो नाही, मलाही ते फुटावंसंच वाटत होतं. पण तुळसामाय उठली, घरातली मोडकी बाज ओढत आणली आणि टाक्यावर पालथी घातली. "दुसरं कोणी पिऊ नये," एवढंच म्हणाली आणि आत गेली. सब्बलवाले थोडा वेळ उभे राहिले आणि आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. दूर खड्डा खणून औषध त्यात ओतलं, टाकं धुतलं आणि तिच्या ओट्याशी जाऊन उभा राहिलो.

"माय, चूक माझी आहे. टाकं झाकायला हवं होतं."

"झाकाले पाहिजे हे तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग काहून नाही झाकलं?"

सांगायला कारणं होती. नकाशात झाकण नव्हतं. सूचनापत्रातही लिहिलेलं नव्हतं. पण ती बाई अशी सरळ बघत होती की मला ती कारणं तोंडाबाहेर काढता येईनात. मी म्हटलं, "सगळे हसले होते. मला लवकर घरी जायचं होतं."

तिनं शेणाची पाटी उचलली. मग म्हणाली, "खरं बोलला." आणि गोठ्यात निघून गेली. तिनं मला माफ केलं की नाही, ते मला त्या दिवशी कळलं नाही. नंतरही नक्की कळलं असं नाही.

त्यानंतर मी रोज सकाळी ऑफिसच्या आधी वस्तीत जाऊ लागलो. टाक्याचं नाव काढलं नाही. मातीच्या भांड्यात औषध करायचं आणि दुखऱ्या गाईंचे पाय एकेक धरून धुवायचे, खुरांची फट साफ करायची, औषध लावायचं. पहिल्या दिवशी लोक लांबून बघत. तिसऱ्या दिवशी कोणी दावं धरू लागलं. राधीनं माझ्या गुडघ्यावर लाथ मारली, ती अजून थंडीत आठवण देते. दहा-बारा दिवसांत राधीच्या पायाचा वास गेला, मग ती पाय टेकू लागली. तुळसामाय एक दिवस माझ्याशेजारी येऊन बसली.

"किती दिस असा एक-एक पाय धरशील गा? मायबापाचे बी कोणी इतके धरत नाही."

"चाळीस गाईंचे एकशेसाठ पाय होतात, माय. पाऊस संपेपर्यंत धरीन."

"पाऊस संपते, पाय नाही संपत." तिनं राधीच्या खुरात बोट घालून बघितलं. "औषध चांगलं हाय. टाकं बी चांगलं हाय. पण ज्यानं बांधलं त्यानं गाय पाह्यली नाही कधी. गाय का नकाशा पाहून चालते? तिले पलीकडं काई पाहिजे असते तवा ती जाते."

मग तिनं मला गाय शिकवली. टाकं वाटेच्या मधोमध नको, वस्तीच्या सामाईक गोठ्याच्या तोंडाशी हवं, जिथून गाईला जावंच लागतं. दोन्हीकडे बांबूचा कूड, म्हणजे ती आडवी वळणार नाही. लांबी दीडपट, म्हणजे उडी पुरणार नाही. टाक्यात तळाला तणस, म्हणजे भाताचा पेंढा, टाकायची, म्हणजे निळं चमकत नाही आणि पाय घसरत नाही. निळ्या टाक्याच्या आधी साध्या पाण्याचं एक टाकं, चिखल धुवायला. चिखलाचे पाय औषधात घातले तर औषध चिखलाचंच होतं. त्याच्याही आधी गाईला पोटभर पाणी पाजायचं, म्हणजे ती तिथे तोंड लावणार नाही. आणि वासरं पलीकडे बांधायची.

"म्हशी?" मी विचारलं.

"म्हशीचे पाय तूच धू बाप्पा. थे बसल्याबिगर राहत नाही."

झाकण तिनं स्वतः विणलं. बांबूची जाड ताटी, दोन माणसांनी उचलावी लागे इतकी भक्कम.

नवं टाकं झालं तो दिवस मला माझ्या लग्नापेक्षा स्पष्ट आठवतो. राधी पाणी पिऊन आली, कुडात शिरली, थबकली. पलीकडे तिचं वासरू हंबरलं. तिनं एकदा तुळसामायकडे पाहिलं, एक पाय आत घातला, मग दुसरा, आणि जड पावलांनी, घाई न करता, नवरीसारखी चालत पलीकडे गेली. मागून सगळ्या. ओट्यावर बसलेल्यांनी या वेळीही मोजलं, पण हळू आवाजात. चाळीस. त्या संध्याकाळी वस्तीतल्या पांढऱ्या गाईंना निळे मोजे होते.

गोष्ट इथे गोड झाली असती, पण महादू होता.

एक दिवस महालातल्या एका वकीलसाहेबांची तक्रार आमच्या साहेबांकडे आली. रतीबाचं दूध निळसर येतं, विचारलं तर गवळी सांगतो की सरकारी औषध गाईच्या पायातून दुधात उतरतं. याला जबाबदार कोण? साहेबांचा चेहरा पांढरा पडला. प्रांतात नाव व्हायचं ते असं होणार होतं. म्हणाले, "मी स्वतः चौकशीला येतो. दूध निळं निघालं तर तुमची बदली चांद्याच्या जंगलात. तिथे वाघांचे पाय धुवा."

चौकशीला साहेब आले, वकीलसाहेब छत्री घेऊन आले, सगळी वस्ती जमली. मी शास्त्र सांगायला तोंड उघडलं, तर तुळसामायनं हातानंच गप्प केलं. तिनं राधीला टाक्यातून चालवलं, कास धुऊन सर्वांसमोर दूध काढलं आणि पितळी गडव्यात वकीलसाहेबांपुढे धरलं. घट्ट, पिवळसर, फेसाळ.

"निळं हाय का, साहेब?"

"नाही बुवा."

मग ती महादूकडे वळली. "महादू, तुझ्या रतीबाची घागर आण."

"वहिनी, ते सकाळचं हाय..."

"सकाळचं असो. आण."

घागरीतलं दूध दुसऱ्या गडव्यात ओतलं. ते गडव्याच्या कडेला निळसर झाक मारत होतं. ज्यांच्या घरी गवळ्याचं दूध येतं त्यांना ही झाक सांगायला नको.

तुळसामाय म्हणाली, "एकाच वाड्यातल्या गाई, एकच टाकं. माह्यं पांढरं अन् तुह्यं निळं. काहून रे महादू? नाग नदीचं पाणी कवापासून औषध झालं?"

वस्ती हसली ती अशी की वकीलसाहेबांची छत्री मिटली. महादू खाली मान घालून म्हणाला, "बरसातीत गायच जरा पातळ देते, वहिनी." वकीलसाहेबांनी त्याच जागी रतीब तुळसामायकडे बांधला. त्यांनी माझी क्षमा मागितली नाही; पण जाताना, आमच्या घरी एक कुत्रा आहे तो जेवत नाही, जरा बघाल का, असं विचारलं. वकिलाची क्षमा तेवढीच.

लोक पांगले. साहेब मात्र घुटमळत राहिले. टाक्याकडे बघत, मग माझ्याकडे बघत, मग पुन्हा टाक्याकडे. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हे औषध... बोटांच्या बेचक्यातल्या सडीवर कसं?"

"गाईच्या?"

"समजा, दोन पायांच्या."

साहेबांना चिखल्या झाल्या होत्या. सबंध पावसाळा पायात बूट आणि ओले मोजे. दुसरं काय होणार? मी सांगितलं की माणसासाठी हे नाही, कातडी जास्त फाटली असेल तर आग होईल. पण खाज सुटलेल्या माणसाला कोणी समजावू शकतं का? ते म्हणाले, "पातळ करा." मी टाक्यात सात-आठ घागरी पाणी वाढवलं. साहेब पायघोळ विजार गुडघ्यापर्यंत दुमडून कुडाशी उभे राहिले. तेवढ्यात तुळसामाय गोठ्यातून बाहेर आली. तिनं सगळं एका नजरेत ओळखलं. हसली नाही, हे तिचं मोठेपण.

"साहेब, पाणी प्याले काय?"

"पाणी? कशाला?"

"आधी पाणी पाजल्याबिगर म्या कोणालेच उतरू देत नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. साहेब निमूट तांब्याभर पाणी प्याले. मग तिनं त्यांना आधी साध्या टाक्यातून नेलं, "बोटं फाकवा, चिखल निघू द्या," आणि निळ्याशी आणून उभं केलं. साहेब थबकले. तुळसामायनं त्यांचे बूट उचलले आणि पलीकडच्या टोकाला, वासरं बांधायच्या खुंट्याशी नेऊन ठेवले.

"आता येतीन," ती मला हळूच म्हणाली.

साहेब आले. तोंड वाकडं करत, सी-सी करत, बांबूला धरून, पण आले. आयुष्यात पहिल्यांदा साहेब गाईच्या इतक्या जवळ होते की राधीनं त्यांची बाही चाटली आणि त्यांना मागे सरकायला जागा नव्हती. ते तसेच उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांनी, अगदी एका बोटानं, तिच्या कपाळाला हात लावला. मी ते पाहिलं आहे; ऑफिसातल्या वदंतेवर विश्वास ठेवू नका.

त्यांचे पाय आठवड्याभरात बरे झाले. मोरचुदानं, की तुळसामायच्या दटावणीवरून आठ दिवस चपला वापरल्यानं, हे मला आजही सांगता येणार नाही. वाचकांनी मात्र हा प्रयोग घरी करू नये.

पाऊस संपता संपता साहेबांनी नवा नकाशा काढला आणि सूचनापत्रक छापून घेतलं. गोठ्याचं तोंड, कूड, तणस, दोन टाकी, वासरं पलीकडे, सगळं होतं. खाली साहेबांचं नाव होतं, शुद्ध आणि ठळक. मला वाईट वाटलं. माझं नाव नव्हतं म्हणूनही वाटलं, खोटं कशाला बोलू? मी एक प्रत घेऊन तुळसामायकडे गेलो, तिला वाचून दाखवली आणि म्हटलं, "माय, सगळं तुझं आणि नाव त्यांचं."

"असू दे ना गा. गाय का नाव वाचून पाय टाकते?" मग जरा थांबून तिनं विचारलं, "झाकणाचं लिवलं हाय काय?"

मी पत्रक पुन्हा वाचलं. दोन्ही बाजू. झाकणाचं लिहिलेलं नव्हतं. साहेब आले तेव्हा टाकं उघडं होतं. जे दिसलं ते त्यांनी काढलं होतं.

साहेब म्हणाले, आता छापून झालं, पुढच्या वर्षी बघू. मी गठ्ठा घरी नेला. आठवडाभर रोज संध्याकाळी बसून प्रत्येक प्रतीच्या खाली, साहेबांच्या नावाच्या अगदी वर, जागा होती तिथे दौत-टाकानं लिहीत गेलो: 'आधी जनावराला पाणी पाजावे. काम झाल्यावर टाक्यावर जड झाकण घालावे. हे पाणी विष आहे.' बायको आधी म्हणाली की हे काम कारकुनाचं. मग मी तिला मैनेचं सांगितलं, तर ती दुसरा टाक घेऊन समोर बसली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

पहिलं पत्रक मी हिंगण्याला नेलं. बाजाराचा दिवस होता. तिथल्या गवळ्यांचा म्हातारा पाटील चष्मा नाकावर ठेवून पत्रकाकडे बघत राहिला, मग बोट ठेवून म्हणाला, "हे छापलेलं सरकारचं हाय, ते समजलं. पण हे हातानं लिवलेलं कोणाचं हाय?"

"सक्करदऱ्याच्या वाटेवरच्या एका गवळणीचं. तिची कालवड गेली तेव्हा आम्ही शिकलो."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि भोवती जमलेल्या माणसांना म्हणाला, "बसा रे सगळे खाली. डाक्टरबाबू, छापलेलं मंग वाचजा. थे हातानं लिवलेलं आधी वाचा."

मी वाचलं. तो म्हणाला, "अजून एक डाव." मी पुन्हा वाचलं.